खाऱ्या वाऱ्यात हातची घड्याळे: स्वतंत्र घड्याळकारांची दुर्मिळ मनगटी घड्याळे निवडण्यापासून जपण्यापर्यंत

सावंतवाडीच्या राजवाड्यात बसून गंजिफा रंगवणाऱ्या कारागिरांना ज्याने एकदा निरखून पाहिले आहे, त्याला हाताच्या कामाची एक खूण कायमची कळते. गोल पानाच्या कडेची रेघ एका ठिकाणी केसभर जाड होते, पुढे पुन्हा बारीक होते, आणि तेवढ्यावरून ते पान छापलेले नाही हे समजते. मनगटी घड्याळात मात्र हीच खूण शोधणारा फसतो. रॉजर स्मिथ या तरुण इंग्रज घड्याळकाराने स्वतः घडवलेले खिशातले घड्याळ आइल ऑफ मॅन बेटावर राहणारे नामवंत घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स यांना नेऊन दाखवले, तेव्हा ते हाताने केलेले दिसते, हाच त्यांनी त्यातला दोष सांगितला. स्मिथ परत गेले, त्यांनी अनेक वर्षे खपून दुसरे घड्याळ केले, आणि ते पसंत पडल्यावर पुढे डॅनियल्स यांच्याबरोबर काम करू लागले. घड्याळकाराचा हात थरथरीतून ओळखायचा नसतो, तर यंत्राला जिथे पोहोचता येत नाही तिथल्या नेमकेपणातून ओळखायचा असतो. हा हात ओळखता येईपर्यंत अशा घड्याळावर एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम त्या मतावरच बेतलेला आहे.

मी रत्नागिरीत राहतो. इथून चांगला घड्याळजी गाठायचा तर मुंबई किंवा पुणे, आणि घराच्या जांभ्याच्या भिंतींतून चार महिने ओल उतरते. त्यामुळे जिनिव्हातल्या किंवा मुंबईतल्या संग्राहकाला जे प्रश्न कधी पडत नाहीत, ते किनाऱ्यावरच्या माणसाला पहिल्याच पावसात पडतात. त्यांना या लेखात मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

शब्दांचा अर्थ आधी ठरवावा

‘स्वतंत्र’ आणि ‘हाताने केलेले’ हे दोन वेगळे शब्द आहेत. स्वतंत्र म्हणजे मोठ्या उद्योगसमूहाच्या मालकीबाहेरचा. असा घड्याळकार बाजारात मिळणारी तयार मूव्हमेंट, म्हणजे घड्याळाची आतली यंत्रणा, घेऊन तिच्यावर स्वतःची तबकडी बसवत असेल, तरीही तो स्वतंत्रच ठरतो. त्यात काही गैर नाही, पण त्याची किंमत त्या हिशेबाने असावी. उलट टोकाला डॅनियल्स यांची पद्धत आहे, जिच्यात एकाच कार्यशाळेत एक माणूस घड्याळाचा जवळजवळ प्रत्येक भाग घडवतो. त्यांनी शोधलेले को-ॲक्सियल एस्केपमेंट, म्हणजे स्प्रिंगची ऊर्जा ठोक्याठोक्याने सोडणारी रचना, १९९९ मध्ये ओमेगा या स्विस कंपनीने आपल्या घड्याळांत वापरायला सुरुवात केली, यावरून त्यांच्या कामाची उंची लक्षात येते. या दोन टोकांच्या मध्ये बहुतेक सगळे जण येतात. मेनस्प्रिंग (चावीने ताणली जाणारी), हेअरस्प्रिंग (ठोक्याची लय राखणारी, केसासारखी बारीक), माणकांचे खडे आणि काच या वस्तू अगदी नामांकित घड्याळकारही सहसा बाहेरून घेतात. म्हणून ‘सगळे हाताने’ असे कोणी म्हटले की कोणता भाग कोणी कापला, कोणी घासला आणि कोणी जुळवला, असे तीन स्वतंत्र प्रश्न विचारावेत. प्रामाणिक घड्याळकार या प्रश्नांनी सुखावतो, कारण त्यांची उत्तरे देण्यातच त्याचा अभिमान असतो.

डोळा तयार करणे

सुरुवात एचएमटीपासून करावी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत सुरू झालेल्या या सरकारी कारखान्याच्या ‘जनता’ किंवा ‘पायलट’ घड्याळातली चावीची मूव्हमेंट साधी, १७ खड्यांची आणि तासाला १८,००० ठोके देणारी असते. कोकणातल्या कितीतरी घरांत आजोबांचे असे एखादे घड्याळ कपाटात पडून असते. ते घड्याळजीकडे नेऊन उघडून घ्यावे आणि त्याच्या परवानगीने, शेजारी बसून, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून अर्धा तास पाहावे. ब्रिजच्या, म्हणजे चाके जागेवर धरणाऱ्या पट्ट्यांच्या, कडा, स्क्रूची डोकी आणि गिअरचे दाते यांवर कारखान्यातल्या यंत्राच्या खुणा स्पष्ट दिसतात. हे पाहिल्याशिवाय हातचे काम वेगळे कुठे पडते ते कळत नाही. याच निमित्ताने बाजारातल्या पुन्हा रंगवलेल्या तबकड्याही ओळखायला शिकावे. अक्षरांच्या कडा फुगलेल्या, मिनिटांच्या खुणा काट्याच्या टोकाशी न जुळणाऱ्या आणि रंग मूळ घड्याळाला कधीच नसलेला, ही त्यांची लक्षणे. काही हजार रुपयांत शिकलेला हा धडा पुढे लाखोंच्या व्यवहारात उपयोगी पडतो.

त्यानंतर उत्तम कामाची मोठी, स्पष्ट छायाचित्रे आणि शक्य तेव्हा प्रत्यक्ष घड्याळे पाहावीत. मी चार ठिकाणी नजर टाकतो.

पहिली जागा म्हणजे ब्रिजच्या कडेचा तिरका, चकाकता छेद. तो यंत्रानेही काढता येतो, पण जिथे दोन कडा आत वळून भेटतात, तिथे यंत्राचे फिरते पाते गोलाई सोडते. तिथला कोपरा सुईच्या टोकासारखा धारदार असेल, तर तो कानशीने आणि लाकडाच्या काडीने हातानेच केलेला असतो. स्वित्झर्लंडच्या व्हॅले द जू खोऱ्यात काम करणारे फिलिप ड्युफूर अशा कडांना झळाळी देण्यासाठी त्याच खोऱ्यात उगवणाऱ्या जेन्शियन या झाडाच्या वाळलेल्या काड्या वापरतात. त्यांच्या घड्याळातले आतले कोपरे पाहिले की बाकीच्यांचे मोजमाप आपोआप होते.

दुसरी जागा पोलादी भागांची काळी झळाळी. पोलाद कथिलाच्या सपाट पाट्यावर बारीक लेपाने घासत गेले की त्याचा पृष्ठभाग इतका सपाट होतो की एका कोनातून तो आरशासारखा लखलखतो आणि किंचित कलवला की काळाकुट्ट दिसतो. मध्येच करडी छटा किंवा लाट दिसली तर काम अर्ध्यावर सोडलेले आहे. तिसरी जागा स्क्रू. निळे स्क्रू पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून केलेले असतील, तर त्या निळ्यात जांभळट खोली असते. रसायनाने केलेला निळा सपाट आणि भडक दिसतो. चौथी जागा झाकलेली बाजू. तबकडीखालच्या, मालकाला कधीही न दिसणाऱ्या पाटीवरही मण्यांसारखी वर्तुळे नीट घातलेली असतील, तर त्या घड्याळकाराने काम स्वतःच्या समाधानासाठी केले आहे, असे मी समजतो.

माणूस निवडणे

नावांची यादी पाठ करण्यापेक्षा तीन-चार माणसांचे काम खोलात समजून घ्यावे. १९८५ मध्ये स्वेन्ड अँडरसन आणि व्हिन्सेंट कालाब्रेसे यांनी स्वतंत्र घड्याळकारांची जी अकादमी स्थापन केली, ती एएचसीआय या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिच्या सदस्यांची नावे ही अभ्यासाला चांगली सुरुवात आहे. फ्रान्स्वा-पॉल जर्न यांनी १९९९ मध्ये स्वतःच्या ब्रँडचा पहिला तूर्बियाँ (ठोक्याची यंत्रणा फिरत्या पिंजऱ्यात बसवलेले घड्याळ) २० जणांकडून आगाऊ पैसे घेऊन घडवला आणि त्या पैशावर पुढची वाटचाल केली. त्यांच्या सुरुवातीच्या मूव्हमेंट पितळेच्या असत आणि २००४ पासून त्या गुलाबी सोन्याच्या होऊ लागल्या, म्हणून पितळी मूव्हमेंटची घड्याळे संग्राहक वेगळी मोजतात. ड्युफूर यांचे २००० साली आलेले ‘सिम्प्लिसिटी’ फक्त तास, मिनिटे आणि सेकंद दाखवते, आणि त्याचे सुमारे २०० नग झाले. फिनलंडचे कारी व्हुतिलाइनेन स्वित्झर्लंडमध्ये काम करतात आणि तबकड्यांची कार्यशाळाही स्वतःची चालवतात. जपानचे हाजिमे आसाओका प्रामुख्याने स्वतःच शिकलेले आहेत.

ही नावे बहुतेकांच्या खिशाबाहेरची आहेत, पण त्यांच्यामुळे दार बंद होत नाही. ऑस्ट्रियातले मारिया आणि रिचर्ड हाब्रिंग हे दांपत्य किंवा जर्मनीतले कोरीवकार श्टेफान कुडोके यांची घड्याळे त्या मानाने कितीतरी कमी किमतीत मिळतात, आणि कुडोके यांच्या ‘कुडोके २’ ला २०१९ मध्ये जिनिव्हाच्या घड्याळांसाठीच्या ग्रां प्री पुरस्कारांत मान्यता मिळाली आहे. पहिले घड्याळ या स्तरातून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. त्यात घड्याळकाराशी थेट बोलता येते आणि चूक झाली तरी घर बुडत नाही.

पत्र लिहिताना मोजके आणि स्पष्ट लिहावे. कोणते घड्याळ, का आवडले, कधीपर्यंत हवे आणि आपण कोणत्या हवामानात राहतो, एवढे पुरे. शेवटचा मुद्दा बहुतेक जण वगळतात. माझ्या पहिल्या पत्रात मी समुद्रापासूनचे अंतर आणि पावसाळ्यातला दमटपणा लिहिला होता. उत्तरात त्या घड्याळकाराने चांदीची तबकडी न घेता मुलामा दिलेली घ्यावी असे सुचवले, कारण उघडी चांदी हवेतल्या गंधकामुळे काळवंडते. अशी सूचना करणाऱ्या माणसावर विश्वास ठेवता येतो. एक अवघड प्रश्नही विचारावाच: तुमच्यानंतर या घड्याळाची दुरुस्ती कोण करणार? एकट्याने काम करणाऱ्याकडे शिकाऊ माणूस आहे का, सुटे भाग आणि नकाशे जपलेले आहेत का, हे कळल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नये.

मागणी आणि पैसा

नामांकित घड्याळकारांकडे मागणी नोंदवून अनेक वर्षे थांबावे लागते, आणि काहींनी तर यादीच बंद केलेली असते. आगाऊ रक्कम द्यायची तर किती, ती परत मिळते का, किंमत आज ठरते की घड्याळ तयार होताना, आणि मध्ये घड्याळकाराने काम थांबवले तर काय, हे लेखी घ्यावे. एकदा एका मध्यस्थाच्या तोंडी शब्दावर मी रक्कम पाठवली आणि ती परत मिळवायला मला चौदा महिने लागले. तेव्हापासून घड्याळकाराच्या स्वतःच्या खात्याखेरीज कुठेही पैसे पाठवायचे नाहीत, हा नियम मी पाळतो.

परदेशात रक्कम पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतून एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि ठरावीक मर्यादेपुढे बँक स्रोतावर कर गोळा करते. भारतात १० लाख रुपयांहून अधिक किमतीचे मनगटी घड्याळ विकत घेताना एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का कर स्रोतावर घेतो. ही रक्कम आयकराच्या विवरणात वळती करता येते, म्हणून पावती जपावी. भारत आणि एफ्टा देशांमधला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून त्यात स्विस घड्याळांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. पण हा लाभ स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन या चार देशांतल्या मालाला, तोही मूळ देशाचा पुरावा असल्यासच मिळतो, त्यामुळे ऑस्ट्रियन किंवा जपानी घड्याळाचा हिशेब वेगळा मांडावा. नेमका दर घड्याळ पाठवण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क दलालाकडून लेखी घ्यावा. मगरीच्या कातड्याचा पट्टा मागवूच नये. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटीस कराराखाली त्याला परवाने लागतात आणि त्यापायी संपूर्ण पार्सल अडकते. साध्या वासराच्या कातड्याचा किंवा कापडी पट्टा लावून घड्याळ पाठवायला सांगावे.

‘हातावर बांधून आणले की कोणी विचारत नाही’ असा सल्ला देणारे भेटतील. तो मानू नये. घोषित न केलेले घड्याळ जप्त होऊ शकते, त्याचा विमा नीट उतरत नाही आणि पुढे दुरुस्तीसाठी बाहेर पाठवताना त्याचा कागदोपत्री जन्मच सिद्ध करता येत नाही.

दुसऱ्या हातचे घड्याळ घेताना

लिलावात बोलीच्या वर साधारण चौथा हिस्सा लिलावगृहाचे शुल्क लागते आणि त्यावर आयातीचा खर्च चढतो, म्हणून बोलीची कमाल मर्यादा हे सगळे वजा करून आधीच वहीत लिहून ठेवावी. घड्याळाचा क्रमांक घड्याळकाराला कळवून ते त्याच्या नोंदीत आहे का आणि चोरीचे नाही ना, हे विचारावे. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, कडा धारदार आहेत का ते पाहावे. वारंवार पॉलिश केलेल्या केसच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतात आणि गेलेला धातू परत येत नाही. टाइमग्राफर या घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावरचे आकडे मागावेत. पूर्ण चावी दिल्यावर, तबकडी वर ठेवून, बॅलन्स व्हीलचा, म्हणजे लय धरणाऱ्या झुलत्या चाकाचा, झोका साधारण २७० ते ३१० अंशांच्या दरम्यान असावा. तो २२० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत.

खारा वारा आणि ओल

आता किनाऱ्याचा प्रश्न. रत्नागिरीत पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. केस ३१६एल पोलादाची असली तरी आतले स्क्रू, चावीची दांडी, काही स्प्रिंगा आणि चाकांचे आस साध्या कार्बन पोलादाचे असतात, आणि ते गंजतात. स्क्रूवरचा सुंदर निळा थर अत्यंत पातळ असतो आणि त्याने गंज थांबत नाही. माझे एक एचएमटी मी मृग नक्षत्राच्या आधी खणात ठेवून विसरलो आणि गणपतीत बाहेर काढले, तेव्हा चावीची दांडी गंजून आतच तुटली. तीच चूक हाताने घडवलेल्या घड्याळात झाली तर तो भाग बाजारात मिळत नाही. तो नव्याने घडवावा लागतो.

रोहिण्या लागल्या की पुढील व्यवस्था करावी. घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. लाकडी पेटी दिसायला देखणी असते, पण लाकूड स्वतः ओल धरते आणि आतल्या मखमलीला बुरशी येते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र ठेवावे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावा, त्याहून कोरडे केले तर चामड्याला चिरा पडतात. रंग बदलणारे दाणे घ्यावेत, म्हणजे ते भरले की कळते, आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. तांदळात घड्याळ पुरण्याची जुनी सवय सोडावी. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याचा भुसा चावीच्या फटीत जातो. पट्टे काढून वेगळे ठेवावेत, कारण बुरशी प्रथम चामड्याला लागते आणि तिथून केसच्या मागच्या बाजूला पसरते.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा प्रत्येक घड्याळ काढून, हात धुऊन कोरडे करून, चावी द्यावी. अडथळा जाणवला की थांबावे. काचेच्या आतल्या बाजूला धुके दिसते का ते पाहावे. धुके दिसले तर उन्हात ठेवू नये, हेअर ड्रायर लावू नये. तेच घड्याळ त्याच दिवशी सिलिका जेलच्या डब्यात बंद करून पहिल्या रेल्वेने जाणत्या घड्याळजीकडे न्यावे. ओल आत शिरल्यावर गंज सुरू व्हायला काही दिवसच पुरतात.

तबकडीवर ‘३० मीटर’ लिहिलेले असते त्याचा अर्थ ३० मीटर खोल जाता येते असा नाही. नव्या घड्याळाने कारखान्यात तेवढा स्थिर दाब सोसला, एवढाच तो आहे. सांधे बंद ठेवणाऱ्या गॅस्केटचे रबर वर्षागणिक कडक होते. असे घड्याळ बांधून पुळणीवर फिरायला जाऊ नये, कारण लाटांवरून येणारी बारीक खारी फवार दिसत नाही, पण ती केसच्या सांध्यात साचते. उन्हाळ्यातला घामही मिठाचाच असतो. घरी आल्यावर केस किंचित ओलसर मऊ फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसावी. पोलादी केसलाही मिठामुळे बारीक खड्डे पडतात, आणि ते लगच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, आतल्या बाजूला, पट्ट्याखाली, सहसा आधी पडतात. फोनच्या चुंबक असलेल्या कव्हरापासून आणि स्पीकरपासून घड्याळ दूर ठेवावे. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे धावू लागले तर साधे होकायंत्र जवळ धरावे. सुई ठोक्याबरोबर हलली तर हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व आले आहे, आणि ते काढणे घड्याळजीचे दोन मिनिटांचे काम असते.

सर्व्हिसिंग आणि कागद

किनाऱ्यावर वापरात असलेले घड्याळ साधारण चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंगला द्यावे, पण गॅस्केट आणि पाण्याचा दाब यांची तपासणी दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात, पावसाआधी करून घ्यावी. तपासणी मुंबई-पुण्यात होते. मूव्हमेंट मात्र घड्याळकाराकडेच पाठवावी. पाठवताना घड्याळाचा क्रमांक, छायाचित्रे आणि मूळ आयातीची पावती सीमाशुल्क दलालामार्फत नोंदवून घ्यावी. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेली वस्तू तीच आहे हे सिद्ध झाले, तर परत येताना पूर्ण किमतीऐवजी दुरुस्ती, वाहतूक आणि विमा यांच्या खर्चावर शुल्क आकारण्याची तरतूद आहे. स्वतः प्रवासाला घेऊन जात असल्यास विमानतळावर निघतानाच निर्यात प्रमाणपत्र घ्यावे.

प्रत्येक घड्याळासाठी एक वही ठेवावी. तिच्यात क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत, कराच्या पावत्या, सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि घड्याळकाराची मूळ पत्रे चिकटवावीत. पहिल्या पानावर घरच्यांसाठी मराठीत, मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहाव्यात: हे घड्याळ कोणी घडवले, बंद पडले तर कोणाला कळवायचे, विकायचे झाल्यास आधी कोणाला विचारायचे, आणि मागचे झाकण कोणालाही उघडू द्यायचे नाही. ती वही घड्याळांच्या डब्यात ठेवू नये. ती घराच्या आणि जमिनीच्या कागदांबरोबर, सात-बाराच्या उताऱ्यांशेजारी ठेवावी, कारण आपल्यानंतर घरचे लोक पहिल्यांदा ते कपाट उघडतात.